कोपरा नसलेलं कार्ड

मरणाची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. फैजपुरात हे कोणाला शिकवावं लागत नसे. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, वाचलं की फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. सुंदरबाईंनी माहेरी आजोबांचं कार्ड असं फाडलेलं पाहिलं होतं, सासरी सासूबाईंच्या बहिणीचं. पुढे फोन आले, एसटीडीची पिवळी दुकानं लागली, तरी खेड्यापाड्यातून तशी कार्डं येतच होती.

सुंदरबाईंची मुलगी प्रमिला त्या वेळी जळगावला विद्यापीठात पीएच.डी. करत होती. केळीचा पोंगा, म्हणजे मधलं न उमललेलं पान, आतून का सडतो, हा तिचा विषय. सहा वर्षं ती मळ्यामळ्यातून सडकी रोपं गोळा करत हिंडली. घरात सगळे तिला चिडवत, लोक चांगली केळी घरी आणतात, ही सडकी आणते. विद्यापीठात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि दर बुधवारी तिला अर्धा तास मिळे. तिथे जगभरच्या लेखांची यादी फुकट दिसे, पण लेख नाही, नुसता आठ-दहा ओळींचा गोषवारा. फिलिपीन्समधल्या एका बाईंनी याच रोगावर लिहिलं होतं. तो लेख पाहिल्याशिवाय प्रबंध पुढे पाठवणार नाही, असं सरांनी सांगितलं होतं. लेखकाला कार्ड टाकलं की तो आपला लेख फुकट पाठवतो, ही संशोधकांची जुनी रीत. प्रमिलाने घरचा पत्ता देऊन कार्ड टाकलं होतं. तिची मुदत दोनदा वाढवून झाली होती. एकतीस मे नव्व्याण्णव ही शेवटची तारीख, त्यानंतर नोंदणी रद्द.

मेच्या पंधरा तारखेला थोरल्या मुलाची हळद होती. सकाळी पोस्टमन निंबा ओट्यावर टपाल टाकून गेला. लग्नपत्रिका मिळाल्याच्या पोचपत्रांत एक कार्ड होतं, वरचा उजवा कोपरा नसलेलं. अक्षरं इंग्रजी. सुंदरबाईंची शाळा चौथीपर्यंत झालेली. पण परदेशातून इंग्रजी अक्षरांचं टपाल या घरी एकाच माणसाचं येई, मस्कतला कामाला गेलेल्या पुतण्याचं, वनाचं. वनाची आई बेबाबाई, सुंदरबाईंची धाकटी जाऊ, त्या वेळी आत जात्याशी बसून हळदीची गाणी म्हणत होती. तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागला होता.

सुंदरबाईंनी कार्ड हातात धरलं आणि विचार केला. वाचून घेतलं तर कळणार. कळलं की भाऊबंदकीला दहा दिवस सुतक, लग्न मोडलं. कानावरच आलं नाही तर सुतक कुठलं? त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले, मागच्या दारी जेवणाच्या पानांच्या ढिगावर टाकले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. कोणी विचारलं तेव्हा उकडतंय म्हणाल्या. मग आत येऊन त्यांनी बेबाबाईच्या हातावर हळद लावली. लग्नाचे दोन दिवस त्या जावेच्या नजरेला नजर देऊ शकल्या नाहीत.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शेजारी वनाचा फोन आला. काकूला बोलवा म्हणाला, माझ्या वाटणीचे लाडू कोणी खाल्ले ते विचारायचंय. सुंदरबाई फोन ठेवून तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना हसायला येत होतं.

दुपारी निंबा लाडू खायला आला. जाताना दारात हळूच म्हणाला, "अक्का, रागे भरू नका. प्रमिलाताईच्या कार्डावर मोठं देखणं तिकीट होतं. पोरीसाठी काढून घेतलं, त्यात कोपरा गेला. मजकूर काही गेला नाही ना?"

सुंदरबाई नाही म्हणाल्या.

त्यांनी मागचा ढीग उपसला. गाईंनी पानं खाल्ली होती. दोन तुकडे सापडले, कढी लागलेले. दुसऱ्या दिवशी, सुनेला बांगड्या घ्यायच्या म्हणून त्या एसटीने जळगावला गेल्या. बसस्टँडाजवळ गनीचं बाइंडिंगचं दुकान होतं. विद्यापीठाचे प्रबंध तोच बांधायचा, प्रमिलाचाही त्याच्याकडेच यायचा होता, आणि आता त्याने कॉम्प्युटरही घेतला होता.

गनीने तुकडे पुसून जोडले. "लिहिलंय की पूर्ण लेख आता त्यांच्या संस्थेने इंटरनेटवर ठेवलाय, कोणीही फुकट वाचावा. पत्ता खाली दिलाय म्हणे. खालचं कुठं आहे, अक्का?"

खालचं नव्हतं. पत्त्याची पहिली सहा-सात अक्षरं एका तुकड्याच्या कडेला होती. गनीने ती टाकून पाहिली. यंत्र बराच वेळ किरकिरलं आणि पांढरं पान आलं.

"ताईला पाठवा," गनी म्हणाला. "संस्थेचं नाव तिला ठाऊक असेल, त्यावरून ती काढील. अजून बारा दिवस आहेत. मी पुठ्ठा कापून ठेवतो, काळा."

पाठवते म्हणून सुंदरबाई निघाल्या. घरी आल्या तर बेबाबाई ओट्यावर नव्या सुनेची वेणी घालत बसली होती. काय सांगणार? तुझा वना गेला असं समजून मी कार्ड फाडलं, आणि त्याच हातांनी तुला हळद लावली? बेबाबाई महिनाअखेरपर्यंत राहणार होती. प्रमिलाला एकटीला गाठून सांगावं, असं त्या रोज ठरवत. पण प्रमिला गप्प बसणारी नव्हती, आणि घरात खोल्यांना दारं नव्हती. उद्या, उद्या करत दिवस गेले. प्रमिला रोज अकरा वाजता लेखाच्या पाकिटाची वाट बघत ओट्यावर येऊन उभी राही. निंबा लांबूनच मान हलवी.

एकतीस तारीख गेली. दोन जूनला बेबाबाई आपल्या गावी गेली. त्या दुपारी सुंदरबाईंनी प्रमिलाला सगळं सांगितलं. प्रमिला तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"गनीभाईंनी सांगितलं तेव्हा किती दिवस उरले होते, माय?"

"बारा."

 आठवडाभर ती घरात बोलली ते कामापुरतं. सरांचं पत्र आलं, नोंदणी रद्द झाल्याचं. ते तिने सगळ्यांना वाचून दाखवलं.

पुढच्या बुधवारी ती सकाळच्या गाडीने गेली आणि दुपारी परत आली. सुंदरबाई चुलीशी होत्या. तिने त्यांच्या पुढ्यात चौदा छापील कागद ठेवले. वरच्या कागदावर केळीच्या पानाचं चित्र होतं, पिवळ्या पट्ट्यांचं, आपल्याच मळ्यातलं वाटावं असं.

"गनीभाईंकडे बसले. दहा मिनिटं लागली," प्रमिला म्हणाली आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेली.

सुंदरबाईंनी हात पदराला पुसले. कागद उचलून ठेवायला हवे होते, चुलीजवळ ठिणगी उडते. पण त्या नुसत्या चित्राकडे बघत राहिल्या. मागे मोरीत पाणी पडत होतं, बराच वेळ, हातपाय धुवायला लागतं त्याहून कितीतरी जास्त, डोक्यावरून घेतल्यासारखं.