मी चाकवत, आडनाव आल्बम

मी चाकवत बोलतोय. दिल्लीत मला बथुआ म्हणतात आणि गव्हाच्या शेतात नुसतं तण म्हणतात. माझं आणखीही एक नाव आहे. ते कळल्यापासून माझी मान जरा ताठ झाली आहे, त्यामुळे मी थोडा ऐटीत बोललो तर सांभाळून घ्या.

माझ्या वयाचा हिशेब तुमच्यासारखा नाही. मी थंडीत उगवतो, उन्हाळा लागला की वाळतो आणि पुढच्या थंडीला माझ्याच बीतून पुन्हा उठतो. बी म्हणजे मोहरीहून लहान, काळा चकचकीत दाणा. हे सगळे जन्म मिळून मी एकच आयुष्य धरतो.

आज जिथे दिल्लीचं द्वारका उपनगर आहे, तिथे तेव्हा गहू होता. मला कुणी पेरलं नाही, कुणी खत घातलं नाही. गव्हाला दिलेलं पाणी मी प्यायलो, फुकट्या म्हणा हवं तर. शेताचा मालक मला शिव्या घालायचा आणि त्याचीच बायको मला खुडून नेऊन दह्यात घालायची. एकाच घरात माझ्याविषयी अशी दोन मतं होती.

मग एका वर्षी गहू पेरलाच नाही. जमीन सरकारने घेतली म्हणे. यंत्रं आली, मातीवर माती पडली आणि मी खाली गाडला गेलो. तिथे किती वर्षं होतो ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात वर्षं कळत नाहीत. मला उगवायला फार काही लागत नाही, पण उजेडाची एक तिरीप लागते. ती नसेल तर मी थांबतो. थांबणं मला चांगलं जमतं.

कुणीतरी पाण्याचा पाइप टाकायला चर खणला आणि खालची माती वर आली. उजेड लागला, मी डोकं वर काढलं आणि बघतच राहिलो. गव्हाच्या जागी घरांवर घरं चढली होती. शेतात कधी एका दिव्याच्या वर दिवा पाहिला नव्हता, इथे संध्याकाळी खिडक्यांच्या रांगाच्या रांगा उजळायच्या. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात की माझी पानं थरथरायची. एवढं सगळं माझ्या अंगावर उभं राहिलं आणि मी जिवंत राहिलो, याचं मला अजून नवल वाटतं.

मी उगवलो तो एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येई. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे खरं, पण झाडाला उठून जाता येत नाही.

हे घर सुभेदार धोंडीराम यांनी फौजेच्या नोकरीत असताना नोंदवलं होतं. त्यात राहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. ते गेले तेव्हा मुलगा युवराज आईला, तानूबाईला, गावाहून इथे घेऊन आला. युवराज गुडगावला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. बायको विनया पुण्याची, आणि मुलगी शिवांजली दिल्लीतच जन्मलेली.

तानूबाईचं मन इथे रमेना. जेवण पानात राही. रोज एकच वाक्य ऐकू येई, "पाडवा झाला की मला गावी सोड." गावच्या घराला कुलूप होतं आणि तिथे तिच्याजवळ कुणी नव्हतं. आई तिकडे एकटीच खंगत जाईल, या धास्तीने युवराज दर वेळी विषय बदलायचा.

एका सकाळी तानूबाई ऊन खायला बाहेर आली आणि माझ्यासमोर थबकली. मग गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली.

"आज्जी, क्या कर रही हो? ते गंदं आहे," शिवांजली म्हणाली.

"गंदं कशानं? चाकवत हाय ह्यो."

"चाकवत?" पोरीने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. "इसको तो बथुआ बोलते हैं."

"बोलू देत. हितं बी येतो म्हणायचा."

तिने आमचे कोवळे शेंडे खुडले, मूळ उपटलं नाही. सगळ्यांत जोमदार होतो मी. माझ्याकडे हात आला आणि मागे गेला. "ह्यो बियाला राहू दे," ती म्हणाली. त्या दिवशी ताकातली पातळ भाजी झाली, डाळ आणि शेंगदाणे घालून, आणि तानूबाईने ती पुन्हा वाढून घेतली.

पुढच्या आठवड्यात शिवांजलीला शाळेत एखाद्या झाडाबद्दल बोलायचं होतं, शास्त्रीय नावासकट. विनया लग्नाआधी वनस्पतिशास्त्र शिकलेली. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "चिनोपोडियम आल्बम. आल्बम म्हणजे लॅटिनमध्ये पांढरं."

"पण मम्मा, हा तर ग्रीन आहे."

"कोवळं पान उलटून बघ."

पोरीने पान उलटलं. तिच्या बोटाला पांढरी पूड लागली.

"पीठ असतं त्याच्यावर," तानूबाई म्हणाली. "धुताना पाणी ठरत न्हाई."

मग विनया रंगात आली. तुमच्या देवघरातलं चंदन, तेही आल्बमच. हिरवळीवर शेपटी हलवत पळणारा परीट पक्षी, नाल्याकाठचा मोठा बगळा, गेटजवळची तुती, सगळ्यांच्या शास्त्रीय नावात तेच पांढरं, आल्बा. अंड्यातला पांढरा बलक घ्या, त्याच्या प्रथिनाचं नाव, अल्ब्युमिन, तेही तिथूनच आलं. फोटोंचा अल्बमसुद्धा, कारण फार पूर्वी रोममध्ये पांढऱ्या कोऱ्या फळीला अल्बम म्हणत, त्यावर लोकांसाठी मजकूर लिहीत.

"म्हंजी चंदन आन चाकवत भावकीतले?" तानूबाईने विचारलं.

"नाही हो आई. नातं काही नाही. नुसतं नावातलं पांढरं सारखं."

"मग आडनावबंधू," तानूबाई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मी काय सांगू तुम्हाला. शिव्या खात वाढलेलं तण मी. चंदन कुठे आणि मी कुठे! कधीच्या काळी, कुठल्याशा परक्या देशात कुणीतरी वाकून माझं पान उलटलं असेल, हे पीठ पाहिलं असेल आणि देवाच्या कपाळी लागणाऱ्या लाकडाला जो शब्द दिला तोच मलाही दिला असेल. त्या दिवशी परीट माझ्या शेजारून पळत गेला आणि मी त्याच्याकडे घरचं माणूस भेटावं तसा पाहत राहिलो.

पाडवा जवळ आला. मला तुरे आले, देठ लालसर झाला, बी भरत आलं. तानूबाई नात्यातल्या एका बारशाला कॅन्टोन्मेंटमध्ये गेली होती. ती नसताना गवंडी आले आणि त्यांनी मला मुळासकट उपटलं. पिकलेलं थोडं बी तिथेच झडलं आणि त्यावर फरश्या बसल्या. पुन्हा तोच अंधार.

वरून युवराजचा आवाज आला. "आई, बघ. तुझ्यासाठी बाकडं केलं. उन्हात बस इथे. खालची घाणही बिल्कुल साफ केली."

बाकडं किंचित करकरलं, म्हणजे ती बसली असावी. "चांगलं झालंय बाबा," ती म्हणाली. काठीचं टोक माझ्या डोक्यावरच्या फरशीवर टकटकलं. "हितं चाकवत होता."

"ते जंगल? अगं, मंडईतून जुडी आणतो ना उद्या."

"बियाला ठिवला होता म्या."

बी राखणारं माणूस पुढच्या थंडीलाही तिथेच असायचं धरून चालतं. गव्हात वाढलेल्या मला हे वाक्य कळलं आणि सुभेदाराच्या मुलालाही कळलं. "मला कसं सुचलं नाही," तो म्हणाला.

"दोन फरश्या काढ. बी पडलं असंल तर यील."

"पण आई," विनया म्हणाली, "आता उन्हाळा. थंडीशिवाय तो येत नाही."

"मग थंडीपोतर बघू," तानूबाई म्हणाली. "त्यो आला म्हंजी मग जाईन."

विनयाने ते थंडीचं मुद्दामच मोठ्याने सांगितलं, असा माझा संशय आहे. पाडवा आला आणि गेला. गावचं नाव कुणी काढलं नाही.

फरश्या निघाल्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीनंतर आधी गवत उगवलं आणि ती रोज येऊन निराश होऊन जाई. मग एका धुक्याच्या सकाळी मी आलो, दोन पानांचा, पांढऱ्या पिठाने माखलेला. तिने काठी बाकड्याला टेकवली आणि वाकली.

"आलास व्हय," ती म्हणाली.

मी आलो, पण ती गेली नाही. "औंदा बी धरू दे, मग जाईन," असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी एक चाकवत बियाला ठेवायची. असे कितीतरी हिवाळे गेले. मग एका थंडीला मी उगवलो आणि बाकड्यावर कुणी नव्हतं.

आता सोसायटीत गाड्या मावत नाहीत. नव्या कमिटीला सगळीकडे सलग फरशी हवी आहे. बसवा बापडे, मला थांबता येतं. फक्त बसवण्याआधी, या दोन फरश्या कुणी आणि का काढल्या, एवढं त्या खिडकीत विचारा.

आज सकाळी शिवांजली ऑफिसला निघता निघता माझ्याजवळ थांबली. तिच्या बोलण्यात मराठी आता तोंडी लावण्यापुरतीच उरली आहे. तिने शेंडे खुडले, बोटांना लागलेलं पांढरं पीठ पाहिलं, पुसलं नाही. सर्वांत जोमदार झाडाकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"ह्यो बियाला राहू दे," ती म्हणाली, अगदी आज्जीसारखं.