‘ठीक’ म्हणेपर्यंत

टण्ण! डब्याचं झाकण फरशीवर पडलं. पडून गप्प राहील तर ते झाकण कसलं! भोवऱ्यासारखं गरगरत, फरशीला खरवडत ते थेट टेबलाच्या पायाशी आलं आणि तिथे एकदाचं निपचित झालं.

दुपारची शांतता फुटली ती फुटलीच. लॅपटॉपपुढे बसलेल्या आईने डोळे मिटून घेतले. अजून जरा झोपली असती तर काय बिघडलं असतं हिचं?

“मी नाही पाडलं,” मागून आवाज आला. “ते आपलं आपण पडलं.”

“हो का? पाय फुटले असतील त्याला.”

“मी बिस्कीट घेऊ का?”

हे ‘घेऊ का’ आईच्या मनात कुसळासारखं सलायचं. पाच वर्षांची पोर. एका जागी टिकायची नाही, म्हणून नावच भिंगरी पडलेलं. पण आजीच्या गावी वर्षभर राहून आली आणि स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. पाणी पिऊ का, खिडकीत बसू का, सगळं विचारून. झोपताना चपला उशाशी. कुणी ‘चल’ म्हटलं तर शोधाशोध नको!

बाबांची नोकरी लांबच्या गावी, आईच्या ऑफिसात पाळ्या; तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता इलाज सापडला होता आणि नेमका आजच तो पारखला जाणार होता.

आई इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत होती. गल्लीगल्लीला कंपनीचा एक रूटर. नाक्यावरचा पहारेकरीच म्हणा ना. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं ते तो ठरवणार. नियम बदलले की ऑफिसात बसून एकेका पहारेकऱ्याला वेगळं सांगत बसावं लागे आणि त्यातच पाळ्या संपायच्या. भिंगरी झोपली की मिळेल तेवढ्या वेळात आईने एक प्रोग्राम लिहिला होता. नवे नियम एकदाच लिहायचे, प्रोग्राम ते सगळ्या रूटरना स्वतःच पोचवणार. त्यासाठी ऑफिसात जायची गरजच नाही.

“चाललं तर खुशाल घरून काम करा,” विभागाच्या मॅडम म्हणाल्या होत्या. “पण आमच्यातल्या कुणाला मध्ये हात घालावा लागला, तर सोमवारपासून पाळीवर हजर.”

पाळी म्हणजे भिंगरी परत आजीकडे. हे मॅडमना सांगून काय उपयोग?

“घे बिस्कीट. दोन घे. आणि इथे बस, पण बोलू नकोस.”

आईने नवे नियम पुन्हा वाचले. तिला हे काम शिकवणारे मास्तर रिटायरमेंटला टेकले होते आणि त्यांचे दोन दंडक होते. पहिला, नवा प्रयोग आधी आपण राहतो त्या गल्लीवर. लोकांना वाढण्याआधी आपण चाखून बघायचं. दुसरा, नियम बदलण्याआधी रूटरला बजावून ठेवायचं, ‘दहा मिनिटांत माझा ठीक असा निरोप आला नाही, तर मी मेले असं समज आणि सगळं होतं तसं कर.’

तिने स्वतःची गल्ली निवडली आणि कळ दाबली.

पडद्यावर दोन ओळी सरकल्या. तिसरी अर्धीच आली. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीतला हिरवा दिवा फडफडला आणि लाल झाला.

काय झालं ते तिला लगेच कळलं. आत सोडायच्या पत्त्यांची यादी तिने ऑफिसातल्या जुन्या यादीवरून उचलली होती. त्यात ऑफिसचे सगळे पत्ते होते. तिच्या गल्लीतलं एकही घर नव्हतं. पहारेकऱ्याने इमानेइतबारे अख्ख्या गल्लीच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, तोही नेम धरून!

घाबरायचं कारण नव्हतं खरं तर. ‘ठीक’चा निरोप आता जाऊच शकत नव्हता, म्हणजे दहा मिनिटांनी रूटर आपोआप पूर्वपदावर येणार. जर ती ओळ प्रोग्रामात असेल तर.

काल चाचण्या घेताना दर वेळी कोण ताटकळणार म्हणून तिने ती ओळ काढली होती. परत घालणार तेवढ्यात भिंगरी दारात येऊन म्हणाली होती, “शू करून येऊ का?” स्वतःच्या घरात! ती तशीच उठून तिला घेऊन गेली होती. आणि मग? मग ओळ घातली होती का? प्रोग्राम ऑफिसच्या मशीनवर, आणि तिकडे जायची वाट तिनेच बंद केलेली.

फोन वाजला. ऑफिसातून मास्तर.

“पोरी, तुझी गल्ली लाल दिसतेय इथे.”

“दिसणारच.”

“हात लावू का?”

“नको!”

“बरं, फाईल उघडून नुसतं बघू का, ती ओळ...”

“बघा. नको, थांबा, बघू नका.” ओळ नसली तर त्यांना हात घालावाच लागणार. दिसत नव्हतं तोवर आशेला जागा होती. “दहा मिनिटं थांबा मास्तर. मग काय करायचं ते करा.”

“थांबतो. तू मात्र बस एका जागी. तुझ्या फेऱ्या इथवर ऐकू येतायत.”

ती खरंच चालत होती. खिडकी ते दार, दार ते खिडकी. भिंगरीही बिस्कीट धरून मागेमागे. तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे शिकवणीवाले काका, चष्मा कपाळावर.

“तुमच्याकडे नेट आहे का हो? भागाकार चालू होता, सात मुलं एकदम गायब! त्यांनीच काही खोडी केली म्हणून मी रागावलो, तर ऐकायलाही कुणी नाही.”

थाप मारता आली असती. “माझ्यामुळे गेलंय, काका. माझी चूक. थोडा वेळ द्या.”

काकांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं. “बाकी सात राहिली होती, तीही गेली,” असं पुटपुटत ते परतले.

आई डबीसमोर उभी राहिली.

“आई, आपण कशाची वाट बघतोय?”

“ते दार चुकून बंद झालंय ना, ते आपोआप उघडेल.”

“कोण उघडणार?”

“कुणी नाही. मी आधीच सांगून ठेवलंय. मी ठीक म्हटलं नाही, तर सगळं पहिल्यासारखं कर.”

“आणि तू सांगायला विसरली असशील तर?”

भिंगरी आईच्या पायांवर पाय ठेवून उभी राहिली आणि दोघी लाल दिव्याकडे बघत राहिल्या. दिवा लालच. मग विझला. मग हिरवा.

पलीकडच्या घरातून काका ओरडले, “आले, आले! सातही आले!”

फोनवर मास्तर हसत होते. “शपथेवर सांगतो, बोटसुद्धा लावलं नाही. मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, पडलं आणि आपलं आपण उठलंही, मला हेच बघायचं होतं. यादी दुरुस्त कर म्हणाल्या आणि घाल पुन्हा. घरूनच.”

“घरूनच?”

“घरूनच, बाई. रडतेस कशाला आता?”

म्हणजे ओळ होती. कधी घातली कुणास ठाऊक, पण हातांना आठवलं होतं. तिने फोन ठेवला, खाली बसली आणि भिंगरीला मांडीवर ओढलं. बिस्किटाचा भुगा दोघींच्या अंगभर झाला.

“आता तू इथेच राहायचंस. कळलं? आजीकडे जायचं ते सुट्टीत, आपण दोघींनी.”

भिंगरीने मान हलवली. आईच्या कुर्त्यावरचा एकेक कण टिपून खाल्ला. न विचारता. मग हिरव्या दिव्याकडे बघत म्हणाली,

“आई, मला आजीकडे सोडलंस ना, तेव्हा ‘सगळं पहिल्यासारखं कर’ असं तू कुणाला सांगून ठेवलं होतंस?”