सगुणाचा फोटो

मार्गशीर्षातली कोवळी, केशरी सकाळ वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरली होती. समुद्र निळा होता, निश्चल होता. माडांच्या झावळ्यांतून कवडसे सांडत होते. त्या सोनसळी उजेडातून, लग्नातला अंजिरी शालू नेसून, सगुणा खोबरेकर फोटो काढायला निघाली होती.

तिचा नवरा जयवंत दोन वर्षं दूरदेशीच्या बोटीवर होता. परवा त्याचं पत्र आलं. त्यातली एक ओळ तिच्या काळजात रुतली होती. ‘डोळे मिटले की घर दिसतं, अंगण दिसतं, तुझा चेहरा मात्र पुसट होत चाललाय. फोटो धाड.’

पुसट! ज्या चेहऱ्यानं दोन वर्षं क्षितिजाकडे पाहिलं, तोच पुसट!

बाजारातल्या स्टुडिओत म्हाताऱ्या वामनकाकांनी तिला खिडकीपाशी बसवलं. उजेड मऊ होता, शालूची जर झळकत होती, कुंकू रेखीव होतं. सारं होतं, सगुणाच तेवढी नव्हती. चेहरा शिळेसारखा मूक, मिटलेला. काकांनी कॅमेऱ्यातून एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.

“कोणाक धाडूचो हा फोटो?”

“तेंका.” तिचं बोट मंगळसूत्राशी गेलं. “तेंका माझो चेहरो आठवना नाय, काकानु.”

काकांनी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बोट दाखवलं.

“मगे ह्या भिंगाक कित्याक बघतंस, बाय? पलीकडे तो बसलो हा. तेका बघ.”

तिनं पाहिलं. काळ्या काचेच्या पल्याड, अथांग पाण्यापल्याड पाहिलं. आधी रुसवा आला, रक्तवर्ण, धगधगता. मग त्या रुसव्याच्याच पोटातून माया उमलली. पापण्या ओलावल्या, ओठ किंचित विलग झाले. विसरलात? खरंच विसरलात?

खट्‌कन आवाज झाला.

चार दिवसांनी फोटो हाती आला. पदर ढळलेला होता, एक बट कपाळावर उतरली होती; पण डोळे बोलत होते. आरशानं तिला कधीच न दाखवलेले, आर्त, आसुसलेले डोळे.

तिनं पाकिटावर पत्ता लिहिला, पाकीट पेटीत टाकलं. टपालाची गाडी सुटली तेव्हा ती नाक्यावर उभी होती. फोटोतली सगुणा निघाली होती, सात समुद्र ओलांडून, त्याच्या तळहातावर विसावायला. आणि ही सगुणा मागे राहिली होती. तिचा हेवा करत, तांबड्या धुळीत, एकटी, एकटी.