चौदा नंबरच्या गोदामातली लोकर

पायसांदू शहरातल्या आमच्या लोकर कंपनीत संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त मी लिहायचे. लहान भागधारकांनी, म्हणजे बहुतेक निवृत्त कामगारांनी, नेलिदाबाईंना मंडळावर निवडून दिलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. वित्तप्रमुख आरिएल त्यांचाच विद्यार्थी. पन्नाशीला आला तरी त्यांच्यासमोर आवाज खाली यायचा.

त्या मार्चमध्ये वार्षिक अहवाल मंडळापुढे आला. नफा छान दिसत होता.

"हिशेबतपासनीस बघून गेलेत," अध्यक्ष ओलेगारियो म्हणाले. "सह्या करा आणि जेवायला चला."

"चौदा नंबरचं गोदाम?" बाईंनी विचारलं. "लोकर निवडणारी सुल्मा सांगत होती, छप्पर दोन हिवाळे गळतंय म्हणून."

"गठ्ठे मोजलेत, बाई," आरिएल म्हणाला.

"मोजलेत रे. उघडलेत का?"

आरिएल समोरचे कागद सारखे करू लागला.

"नेलिदा, इथेही प्रयोगशाळा काढतेस की काय?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या आणि पेनाला टोपण लावून टाकलं. "माझी सही उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, आरिएल आणि मी गोदामात गेलो. बाईंनी मागच्या रांगेतल्या एका गठ्ठ्याचं गोणपाट कापलं. आत पिवळी पडलेली, कुबट लोकर. बोटांत धरली तर तुटत होती.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दोन वर्षं." आरिएल भिंतीकडे बघत होता. "हिशेबात लोकरीची किंमत खाली आणली असती तर लाभांश गेला असता. त्यावर लोक औषधं आणतात, बाई. पहिल्या वर्षी वाटलं, निभेल. दुसऱ्या वर्षी खरं सांगायचं, तर पहिल्याचंही सांगावं लागलं असतं."

"म्हणजे त्यांच्याच कंपनीला पोखरून त्यांना वाटत होतास."

त्याला रडू फुटलं. बाईंनी त्याची बाही ओढून शेजारी बसवलं, बगलेतल्या थर्मासातलं गरम पाणी ओतून मातेचा कडू चहा केला.

"घे. मी सही करणार नाही. पण खरे आकडे तुला एकट्यालाच लिहायला लावणार नाही. मी बसते शेजारी."

चार दिवस दोघं बसले. मागच्या दोन्ही वर्षांचे आकडे दुरुस्त झाले. नफ्याचा तोटा झाला. अध्यक्ष तणतणत आले.

"मला घरी बसवायचं ठरवलंय का तुम्ही?"

"ओलेगारियो, तुला माहीत होतं?"

"नाही. मी विचारलंच नाही कधी," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

सर्वसाधारण सभेत आरिएलनं सगळं स्वतः वाचून दाखवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "चोर!"

बाई उठल्या. "एक पेसोही त्यानं घरी नेलेला नाही. खोटं मात्र लिहिलं, आणि आम्ही माना डोलावल्या. गेल्या वर्षीच्या अहवालावर माझीही सही आहे." मग माझ्याकडे वळून, "लिहून घे ते."

सुल्मानं तीस वर्षं लोकर निवडली होती. तिनं विचारलं, "लाभांश?"

"दोन वर्षं तरी नाही," बाई म्हणाल्या.

"आणि आता लिहिलंय ते खरं?"

"गठ्ठे मी स्वतः उघडलेत."

"मग माझे शेअर मी विकत नाही," सुल्मा म्हणाली आणि बसली. तिचं ऐकून बरेच जण शांत झाले.

ओलेगारियोंनी अध्यक्षपद सोडलं. आरिएलला जावंच लागलं. पुढच्या माणसाला काम शिकवून, ऑगस्टअखेर, आमच्याकडचा हिवाळा संपता संपता तो गेला. तिसऱ्या वर्षी लाभांश निघाला, थोडासाच, पण खऱ्या नफ्यातला.

आरिएल गेला त्याच आठवड्यात बाईंनी त्याला जेवायला बोलावलं होतं. मीही होते. एकोणतीस तारीख, म्हणून महिन्याच्या त्या दिवशी ठरलेली बटाट्याची न्योकी, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या ताटाखाली बरकतीची एक नोट. आरिएलच्या ताटाखाली दोन निघाल्या.

"बाई, मोजण्यात चुकलात," तो म्हणाला.

"मी नाही चुकत. खा आता, गार होतंय."