उतारावर सुटलेली मी

मित्रांनो, पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली ही निळी, पोचे पडलेली गाडी म्हणजे मी. जुनी असले तरी ऑटोमॅटिक आहे बरं का! कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी कोण ऐट! क्लच दाबायला नको, सारखे गिअर बदलायला नकोत.

मला घरी आणलं दातांच्या एका डॉक्टरांनी. माणूस लाखमोलाचा, पण एक खोड होती. उतार दिसला की गिअरचा दांडा न्यूट्रलवर! "बघ, फुकटात पळतेय!" असं बायकोला सांगताना त्यांची कॉलर ताठ व्हायची. मला ओरडावंसं वाटे, "अहो, मला गिअरमध्येच राहू द्या! उतारावर पाय उचललात की चाकंच माझं इंजिन फिरवतात, पेट्रोल लागतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला ते प्यावंच लागतं." पण गाडीचं ऐकतो कोण!

एकदा त्यांच्या लेकीची होड्यांची शर्यत होती, डोंगरापलीकडच्या तळ्यावर. ती संघाबरोबर पुढे गेली आणि तिचं वल्हं घरीच राहिलं! डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, ते माझ्या मागच्या खिडकीतून आत सारलं आणि आम्ही सुसाट निघालो. चढ मी एका दमात चढले. माथ्यावरून तळं दिसलं, रंगीत होड्या दिसल्या. मलाही चेव आला! डॉक्टरांनी दांडा न्यूट्रलवर सरकवला.

आधी मजा वाटली. वारा नुसता शिट्ट्या मारत होता. पण वळणामागून वळण आलं आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडला. जळका वास सुटला. तेवढ्यात समोर गवताने भरलेला ट्रॅक्टर!

"अहो, ब्रेक दाबा!"

"दाबतोय गं! लागतच नाहीये!"

"मग गिअर! गिअरमध्ये टाका हिला!"

डॉक्टरांनी दांडा डीवर आणि तिथून थेट एलवर, म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरवर, ओढला. माझं इंजिन गरजलं. जिवाच्या आकांताने मी चाकांना मागे खेचलं. वेग उतरला, हँडब्रेक लागला आणि ट्रॅक्टरपासून वीतभर अंतरावर मी थांबले. गवताच्या काड्या बॉनेटवर भुरभुरल्या.

मग बाई म्हणाल्या, "वाचलं का पेट्रोल?"

"आपण वाचलो," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

ब्रेक थंड होईपर्यंत हलणं शक्य नव्हतं. "तुम्ही बसा हिच्यापाशी!" म्हणत बाईंनी वल्हं खांद्यावर टाकलं, पदर खोचला आणि पायवाटेने धूम ठोकली. माझ्या बॉनेटवर हात ठेवून डॉक्टर वरून बघत राहिले. वल्हं काठावर पोचलं, होडीत चढलं, भोंगा वाजला. "निघाली! माझी पोर निघाली!" ते ओरडले आणि माझा हॉर्न दाबून धरला. मीही बेंबीच्या देठापासून ओरडले!

पोरीची होडी दुसरी आली. बाई मात्र पहिल्या नंबराच्या थाटात नाचल्या.

मित्रांनो, आता मी थकले आहे. तरी एक मागणं आहे. उताराला लागलेल्या गाडीला सोडून देऊ नका. तिला गिअरमध्ये ठेवा. ती तुम्हाला अलगद खाली नेईल.