वन्संबरोबर तीन हजार किलोमीटर

परदेशातून परत येऊन नऊ दिवस झाले, तरी वहिनींचे पाय थांबायला तयार नव्हते. जेवायला बसल्या तरी टेबलाखाली आपले गोल गोल फिरत. "अगं, या टेबलाला पॅडल नाहीत," असं नवऱ्याने दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

रविवारी सकाळी नणंद आली. नणंद म्हणजे मेट्रन. छत्तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झाल्या, पण त्यांना मेट्रन म्हणायचं कुणी सोडलं नाही. सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरासुद्धा, पाठीमागे मेट्रनच म्हणायचा. वय एकसष्ट, अंगाने छडीसारख्या सरळ, आणि आवाज असा की शेवटच्या खाटेवरच्या रोग्यानेही सावरून बसावं. आल्या आल्या त्यांनी टेबलावर वही आपटली.

"वाचनालयात बोलावलंय आपल्याला, येत्या शनिवारी. विषयही दिलाय, 'सायकल प्रवासातले चढ-उतार'. चांगलं घडलं ते चढ, वाईट घडलं ते उतार. सांग पटापट, मी लिहिते."

"वन्सं, सायकलवाल्याला विचाराल तर तो उलटं सांगेल," वहिनी म्हणाल्या. "चढावर जीव जातो. उतारावर परत येतो."

चहा गाळता गाळता नवरा फिस्सकन हसला. मेट्रनने नुसतं बघितलं, तसा तो पुन्हा गाळण्यात डोकं घालून उभा राहिला.

पण मनातून तो खूश होता. या दोघी एका टेबलाशी बसून चहा पितील, असं वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. अकरा वर्षं या नणंद-भावजयीत विस्तव जात नव्हता. कारण होतं सासूबाईंचं शेवटचं आजारपण. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी वहिनींचा हात धरून सांगितलं होतं, "मला इथून हलवू नकोस." वहिनींनी नाही हलवलं. इस्पितळात नेलं असतं तर आई आणखी दोन वर्षं जगली असती, असं मेट्रनचं म्हणणं. सासूबाई आपल्या खोलीत, आपल्या उशीवर डोकं ठेवून गेल्या, आणि मेट्रन भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "माझी आई हिच्या हट्टापायी गेली."

त्यानंतर दोघींचं बोलणं 'या, बसा' आणि 'निघते' एवढ्यावर आलं. नवऱ्याची गत अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी.

सायकलवरून परदेश बघायचं वेड मेट्रनचं. त्यांनी दोन वर्षं खपून वाट आखली, तिकिटं काढली, आणि निघायच्या सात आठवडे आधी बरोबर येणारी मैत्रीण गुडघा मुरगळून घरी बसली. तेव्हा एका दुपारी मेट्रन थेट वहिनींच्या कामावर येऊन थडकल्या. वहिनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होत्या. छापून, घडी घालून आलेले फर्मे सुईदोऱ्याने एकमेकांना शिवायचे, सव्वीस वर्षं तेच काम. आणि सव्वीस वर्षं रोजचं जाणं-येणं सायकलने, एकूण अकरा किलोमीटर. खळीच्या वासाने नाक मुरडत मेट्रन कागद कापायच्या यंत्राजवळ उभ्या राहिल्या.

"माझ्या ओळखीत धड गुडघ्यांची बाई तू एकटीच उरलीस," त्या म्हणाल्या. "येतेस का?"

वहिनींची सुई हवेतच राहिली. गोड बोलणं वन्संना जन्मात जमलं नव्हतं, पण मागायला त्या इथवर चालत आल्या होत्या. "विचार करून सांगते," असं म्हणायला वहिनींनी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "येते." कारखान्याच्या मालकाने अडीच महिन्यांची रजा दिली, पण "दोघी गेलात तशा दोघी परत या म्हणजे झालं," हेही वर ऐकवलं.

पहिले तीन आठवडे म्हणजे मेट्रनच्या हिशोबाने नुसते उतारच. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. पावणेसहाला शिट्टी, नऊला शिट्टी, पाणी प्यायला शिट्टी. तिसऱ्या दिवसापासून वहिनींना बसायची जागा इतकी दुखायला लागली की उभं राहूनच जेवण. तोंडावर वारा, आणि मेट्रन कायम एक किलोमीटर पुढे, ठिपक्याएवढ्या. सहाव्या दिवशी एका फाट्यावर मेट्रनचा नकाशा डावीकडे म्हणाला आणि टपाल वाटत फिरणाऱ्या एका बाईंनी हातवारे करून उजवीकडे सांगितलं. मेट्रन नकाशाच्या मागे गेल्या, वहिनी टपालवाल्या बाईंच्या. तीन तासांनी दोघी एकाच पुलावर दोन बाजूंनी येऊन उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे पाठ करून सायकली कठड्याला टेकवल्या. पण जवळच्या नळावरून वहिनींनी बाटल्या भरून आणल्या त्या दोघींच्या.

बाविसाव्या दिवशी ओसाड माळावर मेट्रनचं मागचं टायर बाजूने वीतभर फाटलं. आतली ट्यूब बेडकासारखी फुगून बाहेर आली. पुढचं गाव चाळीस किलोमीटरवर. मेट्रन रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. वहिनींनी सामानातून सुई, मेण लावलेला जाड दोरा आणि टोचा काढला. आपल्या रोजनिशीच्या पुठ्ठ्यावरचं कापड सोलून त्याचा दुहेरी तुकडा टायरच्या आतून लावला, आणि पुस्तक शिवावं तसं ते टायर बारीक टाक्यांनी शिवून काढलं. बोटं सोलवटली, पण टाका काही सुटला नाही. ते टायर पुढे एकशे अठरा किलोमीटर टिकलं, सायकलचं दुकान येईपर्यंत. दुकानदाराने टाके बघून आपल्या बायकोला बोलावून दाखवले, आणि नवं टायर बसवल्यावर जुनं मागून घेऊन भिंतीवर टांगलं.

"इस्पितळात असतीस तर सर्जनची नोकरी गेली असती," मेट्रन म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक. दुसऱ्या दिवसापासून ठिपका जरा मोठा दिसायला लागला. मेट्रन आता हाकेच्या अंतरावर असत.

मग चांगले दिवस आले. एका नदीवर नावाडी बोट सोडून निघाला होता, तो या दोघींना धापा टाकत येताना बघून अर्ध्या पात्रातून परत फिरला. धोबीखान्यातल्या एका बाईने भिजलेले बूट न विचारता यंत्रावर वाळत ठेवले. आणि एका खिंडीतून एकोणीस किलोमीटरचा सलग उतार लागला, तेव्हा मेट्रनने पहिल्याच वळणावर "आई गं!" म्हणून किंकाळी फोडली. वहिनी घाबरून जवळ गेल्या तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

एकेचाळिसावा दिवस मात्र वहिनी जन्मात विसरणार नाहीत. तीन दिवस दोघी भिजत होत्या आणि मेट्रन खोकत होत्या. "घसा आहे," एवढंच त्यांचं निदान. एका लहानशा शहरात दोघी पावभट्टीच्या छपराखाली आडोशाला थांबल्या. भट्टीची मालकीण बाहेर आली. पिठाने कोपरापर्यंत पांढरे हात, बुटकी, रुंद. तिने एकदा मेट्रनकडे पाहिलं, सायकल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दोघींना वरच्या खोलीत नेलं. खाली भट्टी, त्यामुळे खोलीची फरशीसुद्धा उबदार.

सकाळी मेट्रनचं अंग तव्यासारखं तापलं होतं. श्वास भराभर चाललेला, ओठ निळसर. वहिनी मालकिणीला हाक मारायला उठल्या, तर मेट्रनने त्यांचं मनगट धरलं.

"वहिनी, मला इथून हलवू नकोस."

अकरा वर्षांपूर्वीही असाच हात धरला होता. शब्दसुद्धा तेच. क्षणभर त्यांना समोर वन्संच्या जागी सासूबाईच दिसल्या. मग त्या खाटेच्या कडेवर टेकल्या.

"वन्सं, ऐका. आई चौऱ्याऐंशीच्या होत्या. त्यांचं सगळं बघून झालं होतं आणि त्या निघाल्या होत्या. त्यांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. तुम्ही एकसष्टच्या आहात आणि आपले अजून तेराशे किलोमीटर राहिलेत. उठा."

"मी मेट्रन आहे. मला कळतं."

"कळत असतं तर तीन दिवसांपूर्वीच थांबला असतात. हात घाला या बाहीत."

पाव पोचवायच्या गाडीत मालकिणीने पिठाची रिकामी पोती अंथरली. मेट्रन इस्पितळात पोचल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याफटक. दारातली नर्स दचकलीच. न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीणबाईंनी बोटांनी खूण करून सांगितलं की आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. वहिनींनी घरी फोन लावला, नवऱ्याला म्हणाल्या, "सगळं छान आहे, इथे जरा पाऊस आहे," आणि फोन ठेवून तिथल्याच बाकावर ओंजळीत तोंड खुपसून रडल्या. परका मुलुख, भाषा कळत नाही, आणि वन्संचं काही बरंवाईट झालं असतं तर या वेळी लोक काय म्हणाले असते, हाही विचार येऊन गेला. शेजारी बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने खिशातून घडीचा रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि उठून निघून गेला.

सहा दिवस वहिनी स्टुलावर. जेवणाचा डबा रोज भट्टीतून यायचा. चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला, आणि चादरीचे कोपरे नीट खोचलेले नाहीत असं मेट्रन कुरकुरायला लागल्या, तेव्हा वहिनींचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने मेट्रन छताकडे बघत म्हणाल्या, "आईला शेवटी फार त्रास झाला का गं?"

अकरा वर्षांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. वहिनींनी सगळं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात सासूबाई दुखण्याबद्दल फारसं बोलतच नव्हत्या. खिडकी उघडी ठेवायला लावायच्या. शेवटच्या दिवशी दोन चमचे दूध प्यायल्या आणि साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. "आणि तुमची ड्यूटी सुटायच्या वेळेला रोज माझ्याकडून केस विंचरून घ्यायच्या. म्हणायच्या, ती आली की आधी माझ्या वेणीला नावं ठेवेल."

मेट्रन भिंतीकडे वळल्या.

"मला कळत होतं गं," भिंतीकडे तोंड करूनच त्या बोलल्या. "नेऊनसुद्धा काही होणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एवढी माणसं बघितली मी. पण स्वतःच्या आईचं... कुणावर तरी राग काढायचा होता. तू समोर होतीस."

"मग अकरा वर्षं समोरच होते की," वहिनी म्हणाल्या.

मेट्रनना हसू फुटलं, हसताना खोकला आला, खोकल्याने नर्स धावत आली आणि तिने दोघींना तिच्या भाषेत चांगलं झापलं. त्यातला शब्दन् शब्द दोघींना समजला.

पुढे दहा दिवस दोघी भट्टीवरच्या त्या उबदार खोलीत राहिल्या. मालकीण भाड्याचं नावही काढू देईना. तेव्हा तिची कृतींची जुनी वही, लोणी लागून लागून सुटी झालेली, वहिनींनी पान-पान जुळवून नव्याने बांधून दिली. मालकिणीने ती छातीशी धरली आणि मग एकदम वहिनींनाच धरलं. वहिनींच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. उरलेल्या तेराशेपैकी हजारच किलोमीटर झाले, तेही सावकाश, आणि शिट्टी वहिनींच्या गळ्यात.

"इस्पितळातलं हे कुठे लिहू?" मेट्रनने वहीतून डोकं वर काढलं. पानावर चढांची आणि उतारांची, दोन्ही बाजू भरून गेल्या होत्या, फक्त मधली जागा कोरी होती.

"ते राहू द्या हवं तर," वहिनी म्हणाल्या. "घरातली गोष्ट घरात. टायरचं सांगा, लोकांना मजा येईल."

"टायरचं तू सांग," मेट्रन म्हणाल्या आणि वही मिटली.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाची खोली गच्च भरली. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पहिल्या दोन रांगांत झाडून सगळे नातेवाईक. मेट्रन उभ्या राहिल्या. अंतरं, घाट, वारा असं रीतसर सांगून झालं. मग त्यांनी वही बाजूला ठेवली.

"अकरा वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोर एक वाक्य बोलले होते. ते खोटं होतं. माझ्या आईला हवं तसं जायला मिळालं ते हिच्यामुळे, आणि मी आज उभी आहे तीही हिच्यामुळे. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच परत घेते."

तिसऱ्या खुर्चीवर वहिनींच्या नवऱ्याने चष्मा काढला आणि तो पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरून बसला. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे प्रवासात भांडण झालंच नाही?"

"झालं की. रोज!" दोघी एका सुरात म्हणाल्या, आणि खोली हसली.

वहिनींना बोलायची सवय नव्हती. टायरचं सांगायचं ठरवून त्या उठल्या खऱ्या, पण भलतंच सांगू लागल्या. टपालवाली, बोट परत फिरवणारा नावाडी, धोबीखान्यातली बाई, सायकलचा दुकानदार, डॉक्टरीणबाई, झापणारी नर्स, रुमालवाला म्हातारा, भट्टीची मालकीण. "यांतल्या बहुतेकांची नावं मला माहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण इथे त्यांच्याबद्दल बोललो, हे त्यांना कळायचंही नाही. पण त्यांच्यातला एक जरी तेव्हा घाईत असता, तर आम्ही आज इथे नसतो. एवढंच सांगायचं होतं."

त्या खाली बसल्या. मेट्रनने आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश पी. ठसका लागेल."