वयाचा पुरावा

नाडीच्या टोकाचं प्लास्टिक निघून गेलेलं, त्यामुळे ती पिंजलेली दोरी बुटाच्या भोकात काही केल्या शिरेना, सदानंदने ती जिभेने ओली केली, पिळली, पुन्हा लावली – आणि वर न बघताच लेकीला म्हणाला, "पाय हलवू नकोस." ज्ञानदा हलवत नव्हतीच. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून ती खुर्चीवर बसली होती, शहाण्यासारखी... आणि तिचं ते शहाण्यासारखं बसणंच त्याला सोसवेना.

उंची! सगळं रामायण घडलं ते त्या मेल्या उंचीपायी. तेराव्या वर्षी पोरगी बापाच्या कानाला लागली, वर लहान गटातल्या भालाफेकीत तालुक्यात पहिली. मग लोकांची तोंडं गप्प कशी बसणार? वय चोरलंय म्हणे. आधी मैदानाच्या कठड्यावर आयाबापांची कुजबुज, मग जिल्ह्याच्या निवडीआधी सरळ लेखी तक्रार – आणि ह्याच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. जन्मदाखला दाखवला तर म्हणतात, दाखले काय हो, कुठेही मिळतात. बरं, मग हाडांनाच विचारा! मनगटाचा एक्स-रे काढायचाच. कोपर दुखतं म्हणून ती कधीची कुरकुरत होती, तर त्याचाही काढू – एका दगडात दोन पक्षी.

"हाडांची टोकं अजून जुळलेली नाहीत," डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले होते, "वाढीची जागा उघडी आहे..." पुढचं ऐकायला थांबतो कोण? "म्हणजे तेराच!" तो ओरडला होता, चक्क टाळी वाजवून, "बघ ज्ञानू, तेराच!" डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की कोपराच्या त्या कच्च्या जागेवरूनच, भाला फेकून फेकून, हाडाचा तुकडा सुटून आलाय. यंदाची निवड विसरा, आणि हात पूर्ण सरळ होईल का, भाला पुन्हा धरता येईल का, ते आज कोणीच सांगू शकणार नाही. टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

आज आचोळ्यातल्या शाळेच्या फाटकाशी जयवंती उभी होती – दुसऱ्या नंबरच्या रीमाची आई, तक्रार हिचीच. "भाऊ, मनात काय ठेवू नका," ती म्हणाली. "उंची बघून कोनालाही वाटलं असतं. आता सगळ्यांना कळलं, तुमची पोर खरी होती."

खरी होती... आणि त्या शब्दांनी, नको नको म्हणत असताना, त्याच्या आत काहीतरी गोड पसरलं. शी! पोरीचा हात गेला आणि ह्याला अजून जिंकल्याचं सुख! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्याला.

जयवंती गेल्यावर ज्ञानदा थांबली. "बाबा, मी खरंच मोठी असते ना, सोळाची वगैरे... तर हाड आधीच जुळलेलं असतं?"

"हं."

"मग एवढं झालं नसतं ना?"

"घंटा झाली, जा," तो म्हणाला. ती गेली, दप्तर डाव्या खांद्यावर, किंचित कलत.

तो तिथंच उभा राहिला. जन्मात कधी खोट्यापुढे मान तुकवली नाही, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला निघालेला माणूस तो – आणि आता जीव तोडून एकच मागत होता: लोकांचंच खरं असू दे. दाखला खोटा असू दे, मी चोर असू दे, भर मैदानात जोड्याने मारू देत मला... पण माझी पोरगी सोळाची असू दे.